ओवीचं लॅटिन आजोळ

शिवतांडवस्तोत्राची एक ओळ मधोमध कापा. हाती आठ अक्षरं उरतात : लघु-गुरू, लघु-गुरू, असं चार वेळा. आपण याला प्रमाणिका म्हणतो. मिलानचा बिशप अँब्रोझ याने चौथ्या शतकात लोकांच्या तोंडी जी स्तोत्रं दिली, त्यांच्या चरणाचा मूळ साचा हाच. फक्त पहिली आणि पाचवी जागा सैल. असे चार चरण म्हणजे एक कडवं, अनुष्टुभाइतकीच ३२ अक्षरं. ग्रीकांकडून रोमनांकडे आणि तिथून चर्चमध्ये, हा प्रवास सर्वज्ञात आहे.

मला छळतो तो पुढचा प्रश्न. पुढच्या स्तोत्रांतून हे लघु-गुरू सुटले कसे? कारण माझ्या मते या धाग्याचं एक टोक गोव्यात, थेट 'ख्रिस्तपुराणा'त निघतं.

आधी कानाने पाहा. 'घरात कोण आज हो' ही चोख प्रमाणिका. 'आज घरात कोण हो' म्हटलं की अक्षरं आठच, पण दुसऱ्या जागी गुरू हवा तिथे लघु. पंडित नाक मुरडेल, गाणाऱ्याचं काही अडणार नाही. इंग्लंडच्या ईशान्येला, जॅरोच्या मठात, आठव्या शतकाच्या आरंभी बीडने (जिल्हा नव्हे, संन्यासी!) छंदांवर पुस्तक लिहिलं आणि या दुसऱ्या प्रकाराला शास्त्रात जागा दिली : लघु-गुरूंचा हिशेब नको, अक्षरं मोजा, निवाडा कानाकडे, लोककवी असंच रचतात. दाखले दिले ते चर्चच्याच स्तोत्रांचे.

ही रीत आली कुठून, यावर भांडण आहे. जर्मन पंडित विल्हेल्म मायर याने १८८५ मध्ये तिचं मूळ सिरियाक स्तोत्रांत दाखवलं. एफ्रेमसारखे कवी तिथे अक्षरंच मोजत. मला हे लांबचं वाटतं. उत्तर आफ्रिकेतला बिशप ऑगस्टीन स्वतः सांगतो की, आफ्रिकेतल्या कानांना स्वरांचं ऱ्हस्व-दीर्घ कळत नाही. ३९३ च्या सुमारास त्याने डोनॅटस-पंथीय या फुटीर ख्रिस्ती गटाविरुद्ध गीत रचलं, तेव्हा वृत्त मुद्दाम टाळलं. वृत्तापायी अनोळखी शब्द घ्यावे लागले असते. बोलण्यातून ऱ्हस्व-दीर्घ गेलं की वृत्ताचा पाया खचतो. मराठीला हे समजावून सांगायला नको. शुद्धलेखनाच्या वहीतल्या लाल खुणा आठवा. ओवी-अभंग लघु-गुरूंवर विसंबले नाहीत, त्याचंही कारण मी हेच मानतो.

आता थॉमस स्टीफन्स. इंग्लंडमधल्या विल्टशरचा हा जेझुइट, म्हणजे येशूसंघाचा पाद्री, १५७९ मध्ये गोव्यात उतरला. १५८३ मध्ये भावाला लिहिलेल्या पत्रात इथल्या भाषांची ठेवण ग्रीक-लॅटिनसारखी असल्याचं त्याने नोंदवलं. म्हणजे तुलनेची नजर होती. १६१६ मध्ये त्याचं सुमारे ११,००० ओव्यांचं 'ख्रिस्तपुराण' रोमन लिपीत छापलं गेलं. त्याची एक देवनागरी हस्तलिखित प्रत लंडनच्या सोआस या विद्यापीठात आहे.

विरोधक म्हणतील, ज्ञानेश्वर-एकनाथांची ओवी समोर होती, त्याने ती उचलली. तीन चरणांना यमक, चौथा आखूड आणि मोकळा : अँब्रोझच्या चार सारख्या चरणांशी याचा काय संबंध? कबूल. घाट शंभर टक्के इथला. पण लॅटिनवर पोसलेल्या माणसाला लघु-गुरूंविना पवित्र कथा सांगायला मन कसं झालं? बीड त्याच्या हातात होता हे मला सिद्ध करायची गरजच नाही. प्रत्येक पाद्री रोज ज्या प्रार्थनापुस्तकातून स्तोत्रं म्हणे, त्यात मोजूनमापून रचलेली आणि नुसती कानावर सोडलेली स्तोत्रं शेजारी-शेजारी होती. ओवीला संमती तिथेच मिळाली. एतियेन द ला क्रुआ या फ्रेंच जेझुइटानेही गोव्यात संत पीटरवर ओवीबद्ध पुराण रचलं. त्यामुळे बीड-स्टीफन्सच्या इंग्लंडचा खास हक्क जातो खरा, पण स्तोत्रांचा बळावतो.

गंमत पुढेच आहे. पोप आठवा अर्बन याला स्तोत्रांतले लघु-गुरूंचे हे 'दोष' सहन होईनात. चार जेझुइट पंडित बसवून त्याने नऊशेहून अधिक दुरुस्त्या करवल्या. सुधारित प्रार्थनापुस्तक १६३२ मध्ये निघालं. क्रुआचं पुराण गोव्यात छापलं गेलं ते १६२९ ते १६३४ या काळात. एकाच संघाची माणसं रोममध्ये लघु-गुरू परत बसवत होती आणि गोव्यात ओव्या छापत होती.