कादंबरीतील वयात येणारा 'मी'

वयात येणाऱ्या मुलाचे मन वडीलधाऱ्यांस कळत नाही, ही तक्रार जुनीच आहे. परंतु ते मन त्याच्याच तोंडून ऐकविण्याचा जो उद्योग मराठी कादंबरीने केला, त्याच्या इतिहासाकडे आमचे लक्ष क्वचितच जाते.

त्याचा आरंभ हरिभाऊ आपटे यांच्या 'पण लक्षात कोण घेतो?' या कादंबरीपासून धरावा, असे आम्हांस वाटते. १८९० साली ती 'करमणूक' पत्रातून क्रमशः निघू लागली. यमुना आपली हकीकत स्वतःच सांगते. बालविवाह, सासर, अकाली वैधव्य, सक्तीचे केशवपन ही तिच्या दुःखाची कारणे उघड व बाहेरची आहेत. म्हणून तिच्या शब्दावर वाचकाचा तत्काळ विश्वास बसतो.

भालचंद्र नेमाडे यांच्या 'कोसला'त (१९६३) मात्र हा विश्वासच कसोटीस लागतो. खानदेशातील खेड्यातून पुण्यास शिकावयास गेलेला पांडुरंग सांगवीकर परीक्षेत नापास होतो, पैसे उधळतो, बापाशी तेढ धरतो आणि सर्वांची, स्वतःचीही, थट्टा करतो. वरवर पाहणारा त्यास उडाणटप्पू ठरवील. परंतु धाकटी बहीण मनी देवीच्या रोगाने दगावते, तेथे ही थट्टा थिटी पडते. आणि आजवरचे हसणे हे मनाचे केवळ पांघरूण होते, हे ध्यानी येते. शिवाय सांगणारा पंचवीस वर्षांचा आहे. सोसणारा मुलगा व सांगणारा तरुण यांतील अंतर ओळखल्यावाचून त्याचे मन उलगडत नाही. तो काय सांगतो याइतकेच तो काय टाळतो, हेही पाहावे लागते.

आमच्या वऱ्हाडाकडे पाहावे, तर उद्धव शेळके यांची 'धग' (१९६०) वऱ्हाडी बोलीचे सामर्थ्य दाखविते. पण तीत कौतिकचा मुलगा नामा निवेदक नाही. दारिद्र्यात होरपळणाऱ्या त्या मुलाची ओळख आपणांस लेखकाच्या द्वारे होते. पुढे २००४ साली मिलिंद बोकील यांच्या 'शाळा'त आणीबाणीच्या काळातील नववीचा मुकुंद स्वमुखाने बोलू लागला.

भातकुलीसारख्या गावाहून अमरावतीस शिकावयास जाणारा मुलगा सुटीत घरी येऊन तुटक बोलतो, तेव्हा आपण त्याच्या गुणपत्रिकेची चौकशी करतो. पांडुरंगाच्या वडिलांनी पैशांचा हिशेब विचारला, तो काही चुकीचा नव्हता. परंतु मुलाच्या मनाचा ठाव त्या हिशेबाने लागला नाही. या कादंबऱ्या मुलांच्या हाती देण्यापूर्वी आईबापांनीच वाचाव्यात, एवढेच आमचे सुचविणे आहे.