बहात्तरची काटकसर आणि मोर्चातलं लाटणं

परवा आमच्या गावात एका पालकसभेत पाहुणे वक्ते आले होते. विषय होता घरखर्चाचं नियोजन. बोलले चांगलं. शेवटी म्हणाले, "आपल्या आज्या बघा. बहात्तरच्या दुष्काळात पाच-पाच लेकरं जगवली. तुम्हाला दोन पोरांत महिना पुरत नाही." मागच्या बाकावरची एक बाई उठली आणि म्हणाली, "सर, रिचार्ज बंद केला, हॉटेल तर कधीच नव्हतं. आता तेलाचं आणि फीचं काय करू तेवढं सांगा." सगळे हसले. मला काही हसू आलं नाही.

कारण बहात्तरची एक आजी आमच्याही घरात होती. तिच्या काटकसरीच्या गोष्टी ऐकतच आम्ही वाढलो. ज्वारी मोजून दळायची, डाळीत एक तांब्या पाणी जास्त, धोतर फाटलं की त्याची लंगोटी, लुगडं फाटलं की गोधडी. आधी पोरं जेवायची, मग गडीमाणसं, शेवटी ती. उरलं तर. म्हणजे घरात बचत झाली ती कुणाच्या ताटातून झाली, हे त्या गोष्टीतच होतं. आम्ही ते कौतुकाने ऐकत राहिलो, एवढंच.

एकदा मी तिला विचारलं, "आज्जे, एवढ्यात कसं भागवलं?" ती म्हणाली, "काटकसरीनं कुठं भागलं रे? वाचवायला आधी घरात काहीतरी यावं लागतं. खडी फोडायला गेले म्हणून भागलं."

तिच्या या वाक्यात त्या काळाचा खरा इतिहास आहे. १९७२ साली पाऊस गेला, त्याआधीची वर्षंही धड नव्हती. जुनी माणसं अजून सांगतात, तो दुष्काळ पाण्यापेक्षा धान्याचा जास्त होता. रेशनवर मिलो आली. अमेरिकेतून आलेली लाल ज्वारी. तिची भाकरी थापताना तुटायची. अशा वेळी सरकारला दुष्काळी कामं काढावी लागली. खडी, रस्ते, नालाबांध, पाझर तलाव. मे १९७३ च्या सुमारास या कामांवर जवळपास ५० लाख माणसं होती. त्यात बायका मोठ्या संख्येने. तान्ही पोरं बाभळीच्या सावलीला झोळीत, नि आई उन्हात हातोडा घेऊन. कामावर सुकडी मिळायची. आजी आपली अर्धी पदराला बांधून घरी आणायची.

हे झालं गावाकडचं. त्याच वर्षांत मुंबईत वेगळंच चाललं होतं. तिथे दुष्काळ दिसत नव्हता, पण दुकानात दिसत होता. धान्य, तेल, साखर, रॉकेल महागलं आणि मिळेनासं झालं. चाळीतल्या बायका काही उधळ्या नव्हत्या. गिरणीच्या पगारात दहा बाय दहाच्या खोलीत संसार करणाऱ्या त्या. काटकसर त्यांना कुणी शिकवायची गरज नव्हती. पण एका मर्यादेनंतर घरात कापायला काही उरत नाही, हे त्यांना कळलं आणि त्या रस्त्यावर आल्या. १९७२ मध्ये महागाई प्रतिकार संयुक्त महिला समिती उभी राहिली. मृणाल गोरे समाजवादी, अहिल्या रांगणेकर मार्क्सवादी, तारा रेड्डी कम्युनिस्ट. पक्ष वेगळे, प्रश्न एकच. हातात लाटणं आणि थाळी घेऊन मोर्चे निघाले. 'लाटणं मोर्चा' हा शब्द मराठीत रुजला तो या बायकांमुळे.

पुढे या दोन्ही गोष्टींतून टिकाऊ काम झालं. दुष्काळी कामांच्या अनुभवाने रोजगार हमी योजना भक्कम झाली. तिच्या मागचं डोकं वि. स. पागे यांचं. पगारदारांच्या स्लिपवर दिसणारा व्यवसाय कर १९७५ पासून आला, तो या योजनेला पैसा मिळावा म्हणून. शहरातला साहेब खेड्यातल्या बाईच्या मजुरीला हातभार लावायला लागला. १९७७ मध्ये हमीचा कायदा झाला आणि २००५ मध्ये देशाने तीच वाट धरली.

दुसरीकडे १९७४ मध्ये पुण्यात बिंदुमाधव जोशींनी ग्राहक पंचायत सुरू केली, १९७५ मध्ये मुंबई ग्राहक पंचायत झाली. तिथली पद्धत साधी. शेजारपाजारच्या घरांनी गट करायचा, महिन्याची यादी एकत्र द्यायची, माल घाऊक येणार, गटातच वाटून घ्यायचा. एकट्या बाईला दुकानदार भाव कमी करत नाही, शंभर घरांना करावाच लागतो.

म्हणजे बहात्तरच्या पिढीची काटकसर तीन पायांवर उभी होती. एक घरातली, एक दहा घरांनी मिळून केलेली, आणि एक सरकारकडे हक्काने मागितलेली. आज आपण फक्त पहिला पाय शिल्लक ठेवलाय आणि बाईला सांगतोय, नीट उभी राहा. दहा घरांनी एकत्र यायचं ते आता बहुतेक हप्ता भरायला. आठवड्याला वसुलीवाला येतो, एकीचा हप्ता चुकला की बाकीच्या तिच्या दारात. फीसाठी काढलेलं कर्ज फेडायला दुसरं कर्ज. अशा घराला रिचार्ज कमी करा म्हणणं सोपं आहे.

काटकसर करू नका असं मी म्हणत नाही. जरूर करा. पोरगं दहा वर्षांचं झालं की त्याला महिन्याचा हिशेब दाखवा, किती येतात नि कुठे जातात. लपवू नका, पोरांना कळतं. पण बचत आईच्या ताटातून होत नाही ना, तेवढं बघा. गल्लीतल्या चार घरांनी मिळून गहू-तेल घेऊन बघा. आणि शाळेची फी, रेशनचं वजन, हाताला काम, हे प्रश्न सभेत उभं राहून विचारा. त्या मागच्या बाकावरच्या बाईने विचारलं तसं.

तिला उत्तर मिळालं नाही. पुढच्या पालकसभेत तिच्याबरोबर अजून चारजणी उठल्या तर मिळेल.

तुमच्या घरात बहात्तर पाहिलेलं कुणी असेल तर आजच त्यांच्याजवळ बसा. काय वाचवलं ते विचाराच, पण काय मागून घेतलं तेही विचारा. आणि इथे लिहा. ही माणसं आता फार राहिली नाहीत.