फुटबॉलचे पंचांग आणि युरोपची हवा

युरोपचा नकाशा पुढे ठेवला, तर स्कॉटलंडमधील ग्लासगो आणि रशियातील मॉस्को ही शहरे जवळजवळ एकाच अक्षांशावर आहेत असे दिसेल. पण जानेवारीचे सरासरी तापमान ग्लासगोत शून्याच्या वर चार अंशांच्या आसपास, तर मॉस्कोत शून्याखाली सहा-सात अंश. अटलांटिकवरून वाहणारे पश्चिमी वारे ब्रिटनला समुद्राची ऊब आणून देतात; मॉस्कोपर्यंत ती पोचत नाही. युरोपात फुटबॉलचे हंगाम निरनिराळे का, याचा निम्मा उलगडा एवढ्याने होतो. उरलेला निम्मा, आपणांस हसू येईल, क्रिकेटपाशी आहे.

विलायतेत उन्हाळा क्रिकेटचा. शेफील्डच्या वेन्सडे या क्रिकेट क्लबाने १८६७ साली फुटबॉल सुरू केला, तो हिवाळ्यात सभासद पांगू नयेत म्हणून. १८८८ साली बारा क्लबांची फुटबॉल लीग स्थापन झाली, तेव्हा हा शिरस्ता पडून गेलेला होता. चिखल, धुके आणि पाऊस हे त्या खेळाचे सोबतीच झाले. मुंबईतही क्रिकेटने कोरडे महिने घेतले आणि फुटबॉलच्या वाट्यास पावसाळा आला, हे जुन्या मुंबईकरांस सांगावयास नको.

ब्रिटनचा हिवाळा सहसा सौम्य, म्हणून हा बेत चालला. तो सौम्य नसला म्हणजे काय होते, हे १९६३ साली दिसले. १९६२ च्या नाताळाच्या दुसऱ्या दिवशी बर्फ पडू लागले आणि थंडीने मार्चपर्यंत पाय हलविला नाही. एफ. ए. कपच्या तिसऱ्या फेरीतील ३२ सामन्यांपैकी ५ जानेवारीस जेमतेम ३ झाले. फेरी पुरी होण्यास ६६ दिवस लागले. लिंकन आणि कॉव्हेंट्री यांचा सामना पंधरा वेळा पुढे ढकलावा लागला. हॅलिफॅक्सच्या क्लबाने तर आपले गोठलेले मैदान स्केटिंगसाठी लोकांस खुले केले. ही गोष्ट विनोद म्हणून सांगतात. मला तीत विनोद दिसत नाही. लहान क्लबांची चूल दारावरच्या तिकिटांवर पेटत असे. सामना नाही तर पैसा नाही, आणि खेळाडूंचा पगार काही थांबत नाही. त्या हंगामाअखेर हॅलिफॅक्स चौथ्या श्रेणीत उतरला.

अडचणीत आणखी एक धंदा आला. सामन्यांच्या निकालांचे अंदाज कूपनावर लिहून पैसे लावण्याचा ‘पूल्स’ हा प्रकार तेथे घरोघर होता. सामनेच नाहीत, तर निकाल कोठून आणावयाचे? तेव्हा २६ जानेवारी १९६३ रोजी लंडनमध्ये एक पंचमंडळ बसले आणि न झालेल्या सामन्यांचे निकाल त्याने ठरवून टाकले! टॉम फिनी, टॉमी लॉटन यांसारखे नामांकित माजी खेळाडू त्यात होते; अध्यक्ष मात्र लॉर्ड ब्रॅबॅझन, ब्रिटनमधील पहिले परवानाधारक वैमानिक. विमानाचा आणि फुटबॉलचा संबंध काय, हे विचारू नये.

इतर देशांनी इंग्रजांचा खेळ उचलला, तसे त्यांचे पंचांगही उचलले. जर्मनीने पुढे १९८६-८७ पासून आपल्या लीगला हिवाळी सुट्टी दिली. स्वीडनची मुख्य लीग १९२४ साली शरदात सुरू झाली; मध्ये बर्फाचे लांबलचक खिंडार, मग वसंतात उरलेले सामने. तीस वर्षांहून अधिक काळ त्यांनी हे चालविले. अखेर १९५७-५८ चा एक लांब हंगाम खेळून १९५९ पासून ते वसंत ते शरद या आपल्या हवेच्या क्रमावर आले. नॉर्वे १९६३ पासून, आयर्लंड २००३ पासून. दक्षिणेस प्रश्न नेमका उलटा. सेव्हिलमध्ये ऑगस्टचा पारा चाळिशी ओलांडतो, म्हणून तेथे हंगामाच्या प्रारंभीचे सामने रात्री साडेनऊ-दहाला सुरू होतात.

रशियाने मात्र उफराटा मार्ग धरला. सोव्हिएत काळापासून तेथे वसंत ते शरद खेळण्याची रीत होती आणि ती हवेस धरून होती. तरीही युरोपीय स्पर्धांच्या तारखांशी मेळ बसावा म्हणून २०११-१२ चा हंगाम ४४ सामन्यांपर्यंत लांबवून त्यांनी पश्चिमेचे पंचांग पत्करले. माझ्या मते हा सौदा महागात पडला. क्रिकेट न खेळणाऱ्या त्या देशात आता ऐन जूनमध्ये, हिरवळ उत्तम असताना, लीगची मैदाने रिकामी असतात. आणि डिसेंबरपासून सुमारे तीन महिने बर्फामुळे खेळ थांबवावा लागतो तो लागतोच.