पावसात दिसणारा झोत

नाशिकला समुद्र नाही, पण समुद्राकाठून आलेली एक मोठी वस्तू आहे. रामकुंडापासून हाकेच्या अंतरावर, नारोशंकराच्या देवळाच्या तटावर टांगलेली घंटा. १७३९ च्या मे महिन्यात चिमाजी अप्पांनी वसई जिंकली आणि तिथल्या चर्चमधल्या घंटा मराठी मुलखातल्या देवळांत पांगल्या. एक वाईजवळ मेणवलीला गेली, एक भीमाशंकरला, आणि ही गोदाकाठी आली. तिच्यावर १७२१ हे साल आहे. देऊळ १७४७ चं, म्हणजे घंटा देवळाहून वडील.

माझे आजोबा तांबट आळीतले. घडवणाऱ्या माणसाची नजर त्यांना होती, त्यामुळे घंटेची गोष्ट ते चिमाजी अप्पांपासून सुरू करत नसत, धातूपासून करत. "हे आपल्या हातोड्याचं काम नव्हे," असं आधी सांगायचे. तांबं ठोकत जावं तसं पसरतं, हंडा होतो, घंगाळ होतं. घंटेच्या कांशात कथील जास्त, त्यावर घाव घातला तर ते तडकतं. म्हणून घंटा ओतावीच लागते, आणि एवढी मोठी घंटा बुडबुडा न राहता ओतायची म्हणजे ओताऱ्याची कसोटी. मग ते वसईवर यायचे, तिथून १९६९ च्या महापुरावर, आणि सगळ्यात शेवटी एक वाक्य टाकायचे: "अशीच एक घंटा गोव्यात आग्वादच्या दीपगृहाशी होती. आपल्या मित्राने ती ऐकलीय."

घरात या वाक्यावर कोणी फारसा विश्वास ठेवला नाही. मित्राने ती ऐकली म्हणजे तो तिथे कैदेत होता, एवढं मात्र सगळ्यांना ठाऊक होतं. १९५५ सालची गोष्ट. पुण्यात गोवा विमोचन सहायक समिती स्थापन झाली होती आणि मे महिन्यापासून सत्याग्रहींच्या तुकड्या सरहद्द ओलांडून आत जाऊ लागल्या होत्या. पहिल्या तुकडीत नानासाहेब गोरे आणि सेनापती बापट होते. पोर्तुगीज पोलीस बहुतेकांना बेदम मारून परत हाकलत, काहींना ठेवून घेत. पुढाऱ्यांना लष्करी न्यायालयाने दहा-दहा, बारा-बारा वर्षांच्या शिक्षा ठोठावल्या. आजोबांचा मित्र, पंचवटीतलाच, एका आधीच्या तुकडीबरोबर गेला आणि त्याला ठेवून घेतलं. आजोबा गेले ते १५ ऑगस्टच्या मोठ्या सत्याग्रहाला, सरहद्दीवरच्या पत्रादेवीच्या बाजूने.

त्या दिवसाबद्दल ते फार कमी बोलत. भरून आलेलं आभाळ, चिखल, हातात हात गुंफून चालणारी माणसं, समोरून सुटलेल्या गोळ्या. पत्रादेवीला पंजाबचे कर्नैलसिंग बेनिपाल पडले. सागरच्या सहोद्राबाई राय झेंडा घेऊन पुढे होत्या, त्यांना गोळ्या लागल्या. तिकडे तेरेखोलला पनवेलचे हिरवे गुरुजी गेले. त्या एका दिवसात वीसहून अधिक माणसं मारली गेली. आजोबांना गोळी लागली नाही. बंदुकीचा दस्ता उजव्या खांद्यावर बसला आणि त्यांना इतरांबरोबर हद्दीपलीकडे ढकलून देण्यात आलं. नाशिकला परतल्यावर मोठा हातोडा त्यांना पुन्हा डोक्यावर नेता आला नाही. हंडे, बंब, घंगाळं त्यांनी सोडली. ताम्हनं, पळी-पंचपात्री असं बसून करायचं काम घेतलं. माझ्या लहानपणी देवघरातली सगळी भांडी त्यांच्या हातची होती आणि ती इतकी नाजूक का, हे विचारायचं मला कधी सुचलं नाही. ते मला आत्याने सांगितलं, आजोबा गेल्यानंतर.

१९५५ साली आत्या सात-आठ वर्षांची होती. आग्वाद बघायचं हा तिचाच हट्ट. "अण्णांना जायचं होतं, जमलं नाही. माझे गुडघे आहेत तोवर चल," असं म्हणाली आणि आम्ही निघालो.

कांदोळीच्या पुढे सिकेरीचा किनारा संपतो तिथे आग्वादची टेकडी समुद्रात घुसते. मांडवीचं मुख तिच्या पायाशी. १६१२ साली पोर्तुगिजांनी हा किल्ला पुरा केला, डचांची धास्ती होती म्हणून. वरच्या किल्ल्यात शिरलं की जांभ्या दगडाच्या भिंतींमध्ये एक मोठं सपाट अंगण लागतं. लोक त्यावर फिरतात, फोटो काढतात. ते अंगण खरं तर छप्पर आहे. त्याच्याखाली खांबांवर तोललेली पाण्याची टाकी आहे, जवळजवळ चोवीस लाख गॅलनची. लांबच्या सफरीवरून आलेली गलबतं इथे गोडं पाणी भरून घेत. जहाजांना पाणी देणारा किल्ला, म्हणून नावातही पाणीच.

इथे एक तारीख मला जुळवून बघावीशी वाटली. वसई पडली १७३९ ला. त्याच साली मराठी फौजा इथल्या बार्देस प्रांतातही उतरल्या, बार्देस हाती आलं, पण आग्वाद आणि रेईश मागुश हे दोन किल्ले पोर्तुगिजांनी सोडले नाहीत. वसईची घंटा नाशिकला आली, आग्वादचा दरवाजा मात्र बंदच राहिला. तो पुढे सव्वादोनशे वर्षांनी उघडायचा होता.

अंगणाच्या कडेला जुनं दीपगृह आहे. गोल, पांढरं, थोडं बुटकं, वर जाताना निमुळतं होत गेलेलं. १८६४ साली ते उभं राहिलं. आपल्याकडे अलिबागसमोरच्या खांदेरीवर दीपगृह झालं १८६७ ला, आणि सुएझचा कालवा वाहता झाला १८६९ ला. त्या दहा वर्षांत पश्चिम किनाऱ्यावर आगबोटींची ये-जा वाढली होती आणि रात्रीचा किनारा ओळखू येणं ही गरज झाली होती. त्यात मांडवीचं मुख अवघड. पावसाळ्यात तिथे वाळूचा बांध धरतो आणि वाट उथळ होते. दीपगृह म्हणजे नुसता उजेड असा आपला समज असतो. उजेड तर मासेमारीच्या होडीतल्या कंदिलाचाही असतो. दीपगृहाची ओळख त्याच्या लयीत असते. किती सेकंदांनी झोत येतो, एकदा येतो की दोनदा, हे प्रत्येकाचं वेगळं. खलाशी घड्याळ धरून मोजतो आणि नकाशात बघून म्हणतो, हे आग्वाद, हे खांदेरी. वीज येण्याआधी दिवा तेलाचा असे आणि फिरत्या दिव्याची ही लय राखायला वजनावर चालणारं यंत्र असे, आपल्या भिंतीवरच्या लंबकाच्या घड्याळासारखं. वजन हळूहळू खाली उतरतं, भिंगं फिरतात. वजन तळाला पोचायच्या आत कोणीतरी उठून ते पुन्हा वर ओढायचं. रात्रभर. समुद्रावरच्या हजारो माणसांचा जीव त्या एका माणसाच्या न झोपण्यावर.

जुन्या दीपगृहाने १९७६ साली काम थांबवलं. नवं जवळच आहे, त्यावर तिकीट काढून चढता येतं. आत्या खाली सावलीत बसली, मी वर गेले. पलीकडे काबोचं टोक, तिथलं राजभवन, उजवीकडे उघडा समुद्र. खाली पाण्याच्या अगदी लगत लांबट बैठी छपरं दिसत होती. तो तुरुंग.

घंटेचं आजोबांचं म्हणणं खरं निघालं, अर्धं. जुन्या गोव्यात संत ऑगस्टिनच्या मठाचं भव्य चर्च होतं. १८३५ साली पोर्तुगिजांनी गोव्यातले धर्मसंघ बरखास्त केले, मठ ओस पडला आणि १८४२ साली चर्चचं छत कोसळलं. त्याच्या आदल्याच वर्षी तिथली घंटा काढून आग्वादला आणली होती. तीस वर्षं ती इथे होती. १८७१ साली ती पणजीच्या टेकडीवरच्या इमॅक्युलेट कन्सेप्शन चर्चमध्ये नेऊन चढवली, आजही तिथेच आहे, सव्वादोन टनांची. म्हणजे आग्वादला घंटा होती, वसईच्या घंटेसारखीच आपल्या जागेवरून उखडलेली. पण आजोबांच्या मित्राने ती १९५५ साली तिथे ऐकणं शक्य नव्हतं. मला वाटतं, कोठडीत कोणा गोवेकर कैद्याने आपल्या पणजोबांकडून आलेली गोष्ट सांगितली असेल. मित्राने ती आजोबांना सांगितली, आजोबांनी आम्हाला, आणि या प्रवासात शंभर वर्षं गळून पडली. म्हाताऱ्यांच्या गोष्टीत साल चुकतं, म्हणून गोष्टच टाकून देणारे लोक मला पटत नाहीत. ही गोष्ट आजोबांनी सांगितली नसती तर त्या घंटेचा शोध घ्यायचं माझ्या मनातही आलं नसतं.

तुरुंगाकडे जायला पुन्हा खाली उतरून वेगळ्या रस्त्याने यावं लागतं. २०१५ साली इथले कैदी कोलवाळच्या नव्या तुरुंगात हलवले, इमारतींची डागडुजी झाली आणि १९ डिसेंबर २०२१ ला, मुक्तिदिनाला, संग्रहालय खुलं झालं. काम नीट केलं आहे. राममनोहर लोहियांची आणि त्रिस्ताव ब्रागांझा कुन्यांची अशा दोन कोठड्या जपल्या आहेत. लोहियांना १९४६ च्या सप्टेंबरअखेरीस कुळे स्थानकावर पकडून इथे दहा दिवस एकांतात ठेवलं होतं. कुन्यांना त्याच साली आठ वर्षांची शिक्षा झाली आणि इथून त्यांना थेट पोर्तुगालात पेनिशच्या किल्ल्यात धाडलं. १९५५ नंतर गोरे, मधू लिमये, शिरूभाऊ लिमये, जगन्नाथराव जोशी, बंगालचे त्रिदिब चौधुरी इथे होते. १९५७ च्या फेब्रुवारीत ते सुटले. आणि मुक्तिसंग्रामाच्या अगदी शेवटच्या तासांत, आत अजून कैदी आहेत हे कळल्यावर त्यांना सोडवायला भारतीय लष्कराचे मेजर शिवदेवसिंग सिद्धू आणि कॅप्टन विनोद सेहगल इथवर आले. किल्ल्यातल्या शिबंदीला शरणागतीचा हुकूम पोचलेला नव्हता. दोघेही गोळीबारात गेले.

कोठडीत मी बराच वेळ थांबले, एका कारणासाठी. मित्राची दुसरी गोष्ट तपासायची होती. तो म्हणायचा, कोठडीतून दिवा दिसत नसे. झोत दिसायचा, तोही पाऊस असला तरच. कोरड्या रात्री नुसता काळोख. सरी लागल्या की छताच्या उंचीवरून एक पांढरट पट्टा समुद्रावर सरकत जायचा. तो पट्टे मोजत जागायचा. खाली उभं राहून मी मान वर केली तर टेकडीचा कडा आडवा येत होता, दीपगृहाचं टोकही दिसेना. आणि झोताचं म्हणणं तर शंभर टक्के खरं आहे: उजेड स्वतः दिसत नाही, त्याच्या वाटेत थेंब किंवा धुकं आलं तरच त्याची रेघ दिसते. हे कोणी बसल्या जागी रचणार नाही. घंटा त्याने ऐकीव सांगितली असेल, पण पाऊस त्याने पाहिला होता.

आत्या मात्र भिंतीवरची नावं वाचत होती. एकेक ओळ बोट लावून. शेवटी तिथल्या तरुण कर्मचाऱ्याला तिने विचारलं, "बाळा, जे हद्दीवरूनच मार खाऊन परत गेले, त्यांची नावं कुठे आहेत?"

तो पोरगा भला होता. त्याने इकडेतिकडे पाहिलं, मग म्हणाला, "आजी, इथे तुरुंगात असलेल्यांचीच आहेत."

उत्तर बरोबरच होतं. हे तुरुंगाचं संग्रहालय आहे. पण आत्याला हे उत्तर नवं नव्हतं. आजोबांनी एकदा स्वातंत्र्यसैनिक म्हणून अर्ज केला होता, पैशांसाठी नव्हे, नोंद व्हावी म्हणून. तुरुंगवासाचा दाखला मागितला गेला. तो नव्हता, कारण त्यांना कोणी तुरुंगात ठेवलंच नव्हतं. खांदा दाखवून काही सिद्ध होत नव्हतं. १५ ऑगस्टला चालत गेलेली हजारो माणसं अशीच आहेत. सोलापूरची, नगरची, खानदेशची, आमच्या गल्लीतली. कोठडी मिळाली त्यांना इतिहासात जागा मिळाली. रस्त्यावर पडले आणि उठून घरी गेले ते घरातल्या बोलण्यात उरले, आणि घरातलं बोलणं एका पिढीत संपतं. आत्याच्या वयाची माणसं आहेत तोवरच ते उतरवून घेता येईल, आणि हे काम आग्वादच्या संग्रहालयाचं नाही, नाशिकच्या वाचनालयांचं आणि घरांचं आहे. मला हे तिथे उभं राहून फार तीव्रतेने जाणवलं.

परतताना पत्रादेवीच्या स्मारकाशी थांबलो आणि पुढे बांद्याला चहा घेतला. दुकानाच्या बाकावर एक आजोबा बसले होते. आमच्या पिशव्या बघून त्यांनी विचारलं, "खंयसून इलात?" नाशिकचं नाव सांगितलं, मग आत्याने पंचावन्न सालाचं नाव काढलं. ते सरसावून बसले. तेव्हा ते दहा वर्षांचे. जखमींना आणायला गावातल्यांनी बांबूंना घोंगड्या बांधून डोल्या केल्या होत्या, आणि त्यांच्या आईने परड्यात चूल मांडून पेजेचा हंडा चढवला होता, असं सांगू लागले. आत्याने मध्येच विचारलं, "हंडा तांब्याचा होता का हो?" तांब्याचाच होता. अजून घरात आहे. बसची वेळ होत आली होती; मी वही काढली आणि आत्या त्यांच्या शेजारी बाकावर सरकून बसली.