बार्शी 'परदेशात' होती तेव्हा

भूगोलाच्या तासाला नकाशा आणि इतिहासाच्या तासाला सनावळी, अशी वाटणी आपल्या शाळांनी फार पूर्वीच करून टाकली आहे. त्यामुळे होतं काय, की महाराष्ट्राचा आजचा नकाशाच मुलांच्या डोक्यात कायमचा बसतो. शिवाजी महाराजांच्या काळातही तोच आणि निजामाच्या काळातही तोच! पुण्याच्या पोरांना यानं फारसा फरक पडत नसेल. भूमच्या पोरांना पडतो.

आमचं भूम धाराशिव जिल्ह्यात (2023 पर्यंत कागदोपत्री उस्मानाबाद), बालाघाटाच्या रांगेत. खव्यासाठी प्रसिद्ध, बाकी कोणाला माहीत असायचं तसं कारण नाही :) जिल्ह्याचं ठिकाण थेट रेषेत मोजलं तर सुमारे 50 किलोमीटर. आणि सोलापूर जिल्ह्यातली बार्शी? निम्म्यावर, 25. पण 1948 पर्यंत भूम हैदराबाद संस्थानात होतं. बार्शी आधी इंग्रजांच्या मुंबई इलाख्यात आणि 15 ऑगस्ट 1947 नंतर स्वतंत्र भारतात.

मराठवाड्यातल्या शाळांत झेंडावंदनं दोनदाच होतात असं नाही. 15 ऑगस्ट, 26 जानेवारी आणि 17 सप्टेंबर. माझे मामा भूमच्या एका शाळेत इतिहास शिकवतात. 'स्वातंत्र्य तर मिळालं होतं, मग सर, परत कशाला?' हा प्रश्न त्यांना दरवर्षी येतो. पुस्तकातलं उत्तर दिलं की मुलं मान डोलावतात, पण समजलेलं नसतं. मामा म्हणाले, "तू कंप्युटरवाला ना, मग हे दाखवता येईल असं काहीतरी कर."

आता यात रॉकेट सायन्स काही नाही. 1909 च्या इम्पिरियल गॅझेटियरच्या अॅटलसमध्ये हैदराबाद संस्थानाचा नकाशा आहे. त्याचं स्कॅन घेतलं, क्यूजीआयएस (फुकट मिळतं, मंडळी!) उघडलं आणि बार्शी, नळदुर्ग, सोलापूर अशा दोन्हीकडे सापडणाऱ्या जागा एकमेकींवर टाचल्या. याला जिओरेफरन्सिंग म्हणतात. जुना कागद ताणून आजच्या पृथ्वीवर पसरवायचा, एवढंच. वर एक सरकपट्टी. डावीकडे नेली की 1909, उजवीकडे नेली की आजचं उपग्रहचित्र. सगळं लॅपटॉपमध्येच साठवून नेलं होतं, कारण वर्गात नेटच्या भरवशावर उभं राहणं म्हणजे पावसाच्या भरवशावर पेरणं.

मामांनी पट्टी सरकवली. संस्थानाची जाड सीमारेषा हळूहळू पुसट झाली आणि तिच्या खालून जवळजवळ तिथंच दुसरी रेषा वर आली: धाराशिव आणि सोलापूर जिल्ह्यांची आजची हद्द. वर्ग गप्प. मग मागच्या बाकावरून प्रश्न आला, "सर, मग बार्शीला जायला पासपोर्ट लागायचा का?"

पासपोर्ट नाही, पण करोडगिरी नाके होते, म्हणजे निजामाची जकात. पैसेही वेगळे, हाली सिक्का. साधारण 7 हाली रुपयांना इंग्रजांचे 6. निजामाचं स्वतःचं टपाल, स्वतःची तिकिटं. उच्च शिक्षण हवं तर 1918 मध्ये निघालेलं उस्मानिया विद्यापीठ, आणि तिथलं माध्यम उर्दू. मराठी बोलणाऱ्या पोरानं आधी उर्दू पक्कं करायचं!

आणि मग ते तेरा महिने. बार्शीत तिरंगा लागला, 25 किलोमीटरवर नाही लागला. स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखालच्या स्टेट काँग्रेसचे कार्यकर्ते हद्द ओलांडून अलीकडे आले. बार्शी-सोलापूरच्या पट्ट्यात त्यांचे कॅम्प उभे राहिले आणि तिथून करोडगिरी नाक्यांवर हल्ले होऊ लागले. रझाकारांच्या भीतीनं कित्येक घरंच्या घरं याच वाटेनं बार्शीकडे गेली. पोलीस कारवाई 13 सप्टेंबर 1948 ला सुरू झाली आणि 17 तारखेला निजामाची शरणागती आली. हे सगळं पुस्तकात आहेच. पण हाच पट्टा का, हे पुस्तक सांगत नाही. नकाशावर बोट ठेवलं की मुलगा स्वतःच सांगतो: "जवळ होतं म्हणून."

रेल्वेचा थर मी जरा लाडानं चढवला होता. एव्हरार्ड कॅलथ्रॉपची बार्शी लाईट रेल्वे, रुळांमधलं अंतर अडीच फूट. 1897 मध्ये ती कुर्डुवाडीहून बार्शीला आली आणि 1911 मध्ये हद्द ओलांडून लातूरला पोचली. वाटेत येडशी लागायची, पण जिल्ह्याचं ठिकाण असलेलं उस्मानाबाद बाजूलाच राहिलं. ते जोडलं गेलं थेट ब्रॉडगेज झाल्यावर, या शतकात.

वर्गात असलं काही करणारे आम्ही पहिले नव्हेत. शेजारच्या सोलापूर जिल्ह्यातल्या परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतले रणजितसिंह डिसले यांना 2020 चा ग्लोबल टीचर पुरस्कार मिळाला, तो क्यूआर कोडच्या पुस्तकांमुळे सगळ्यांना माहीत आहे. त्यांनी मुलांना व्हिडिओ कॉलवरून देशोदेशीच्या सहलीही घडवल्या. मला मात्र उलटी सहल जास्त महत्त्वाची वाटते: जग नंतर, आधी आपल्याच तालुक्याच्या वेशीपर्यंत.

एक धोका आहे. पडद्यावरचा नकाशा फार खरा वाटतो. 1909 च्या त्या छोट्या प्रमाणाच्या नकाशात रेषेची जाडीच जमिनीवर किलोमीटरच्या हिशेबात भरते. शिवाय त्या काळी एका राज्याची गावं दुसऱ्याच्या पोटात बेटांसारखी अडकलेली होती, ती अदलाबदल 1950 मध्ये झाली. एवढ्या नकाशात ती नीट दिसतच नाहीत. मामांनी हेही वर्गात सांगितलं आणि सांगायलाच हवं. नाहीतर पोरं झूम करून 'आमच्या शेतातून सीमा जायची' म्हणून भांडत बसतील. (दोघं बसलीच.)

पुढचा थर करोडगिरी नाक्यांचा. तो कुठल्या अॅटलसमधून उचलता येणार नाही. ज्यांनी नाका चालू असताना पाहिला, ती माणसं आता पंच्याऐंशीच्या पुढची आहेत. मामांनी मुलांना सुट्टीचा अभ्यास दिलाय: घरात किंवा गल्लीत असं कोणी असेल तर त्यांच्यापुढे मोबाईलवर नकाशा धरायचा आणि विचारायचं, आजोबा, नाका कुठं होता? बोट टेकेल तिथं खूण करायची.