एक दिवस हिराईच्या चांद्यात

धान घरात आले की बचत गटात सहलीची गोष्ट निघते. मी म्हणते, यंदा चांद्याला जाऊ. तुम्ही म्हणाल, त्यात काय नवे? दवाखान्यासाठी, कोर्टासाठी, महाकालीच्या दर्शनासाठी आपण चंद्रपूरला जातोच. मीही कितीदा ऑटोत बसून जटपुरा दरवाज्याखालून गेले, पण मान वर करून कधी पाहिले नाही. त्या दरवाज्यावर हत्तीला दाबून धरणारा सिंह कोरला आहे. ती गोंड राजांची खूण.

तर सकाळी पहिल्या यष्टीने निघा आणि जटपुऱ्यापासून सुरुवात करा. गोंड राजांची राजधानी आधी वर्धा नदीकाठी बल्लारपूरला होती. आख्यायिका सांगतात, खांडक्या बल्लाळशहाच्या अंगावर फोड होते. झरपट नदीच्या पाण्याने ते बरे झाले. तिथेच एक ससा कुत्र्याच्या मागे धावताना त्याला दिसला. राणी म्हणाली, ही जागा बळकट आहे, इथे शहर वसवा. मग सुमारे 11 किलोमीटरचा तट उभा राहिला. त्याला चार दरवाजे: जटपुरा, अंचलेश्वर, पठाणपुरा आणि बिनबा.

आता राजवाडा कुठे, असे विचाराल. राजवाड्याच्या जागी आज कारागृह आहे. 1751 मध्ये चांदा नागपूरच्या भोसल्यांकडे गेला, 1818 मध्ये इंग्रजांनी घेतला. इंग्रजांविरुद्ध उठलेल्या बाबुराव शेडमाके यांना याच कारागृहाच्या आवारात 21 ऑक्टोबर 1858 रोजी फाशी दिली. बाहेरूनच हात जोडा आणि सोबतच्या मुलींना त्यांची गोष्ट सांगा.

दुपारी रामाळा तलावाकाठी डबे सोडा. पाणी घरून न्या. प्लास्टिक तिथे टाकू नका. तटावर माजलेली झाडेझुडपे काढायला इको-प्रो संस्थेच्या स्वयंसेवकांनी 2017 पासून श्रमदान केले आहे. त्यांच्या घामाची लाज राखू.

जेवण झाल्यावर अंचलेश्वर दरवाज्याकडे चला. तिथे राजा बीरशहाची समाधी आहे. त्याचा खून झाला, तेव्हा पोटी मुलगा नव्हता. राणी हिराईने रामशहाला दत्तक घेतले आणि तो लहान असल्याने कारभार स्वतः पाहिला. नवऱ्याची समाधी तिने बांधली, महाकालीचे आजचे मोठे देऊळही तिचेच. राजवाडा गेला, पण एका विधवा बाईने उभे केलेले देऊळ आजही भरलेले असते. चैत्रात तिथे मराठवाड्यातून, तेलंगणातून माणसे येतात.

हिराईच्याच काळात तिकडे फ्रान्समध्ये चौदावा लुई व्हर्सायच्या मोठ्या राजवाड्यात राहत होता. तो राजवाडा आणि बागा पाहायला आज जगभरातून लोक जातात. पण 1789 च्या ऑक्टोबरात पॅरिसच्या बाजारातल्या बाया भाकरीसाठी पावसात सुमारे 20 किलोमीटर चालत त्याच राजवाड्यावर गेल्या आणि दुसऱ्या दिवशी तेव्हाच्या राजाला पॅरिसला घेऊन आल्या. हेही लोकांनी विसरू नये. वास्तू राजाच्या नावाने ओळखतात, बायांची नावे आपणच सांगावी लागतात.

शेवटी महाकालीचे दर्शन घ्या आणि उजेड असतानाच परतीला लागा. आपला रस्ता जंगलाचा, वाघाचा. चैत्रात ऊन आणि गर्दी असते, म्हणून पौष-माघ बरा. जाण्याआधी गटातल्या एकीने हिराईची गोष्ट नीट पाठ करावी आणि समाधीजवळ सगळ्यांना सांगावी. परत आल्यावर पुढच्या बैठकीत आपल्या गावचे तळे, विहीर, देऊळ कोणी बांधले, ते म्हाताऱ्या आजीला विचारा आणि वहीत लिहून ठेवा. कदाचित तिथेही एखादी हिराई सापडेल.

येते मैत्रिणींनो. नमस्कार.