खेळाचा नियम, फौजदारी कलम

1988 च्या सोल ऑलिम्पिकमध्ये बेन जॉन्सन 9.79 सेकंदांत शंभर मीटर धावला आणि तीन दिवसांत पदक गमावून बसला. अमेरिकेच्या 1990 च्या स्टेरॉइड नियंत्रण कायद्यामागे हा धक्का होता, असे मला वाटते. अमेरिकन मेडिकल असोसिएशनचा विरोध डावलून चिठ्ठीविना स्टेरॉइड नुसते बाळगणेही गुन्हा ठरले.

उलट 1994 च्या कायद्याने पूरक आहाराला विक्रीपूर्व मंजुरीतून मोकळे ठेवले. त्याच फटीतून अँड्रोस्टेनडायोन दुकानांत आले. 1998 मध्ये ते बेसबॉलपटू मार्क मॅग्वायरच्या कपाटात दिसले. 2004 च्या दुरुस्तीने तेही नियंत्रित यादीत गेले.

न्यूयॉर्कचे वकील रिक कॉलिन्स, पूर्वीचे सरकारी वकील आणि स्वतः शरीरसौष्ठवाचे उपासक, यांनी 2002 च्या ‘लीगल मसल’मध्ये या धोरणावर टीका केली. वापरणारे बहुतेक स्पर्धक नसतातच. अटकेच्या भीतीने ते डॉक्टरांपासून दुरावतात, काळ्या बाजाराकडे वळतात, हा त्यांचा मुद्दा.

किशोरवयीन मुलांचा विचार करताना मला कायद्याचा धाक हवासा वाटतो. पण मैदानातली फसवणूक आणि व्यायामशाळेतला अविचार यांना एकच औषध लागू पडत नाही, हे मात्र मला पटले आहे.